बहिणीचा सूर
(सुरांच्या गावाला)

मुलांनो, या पानावर आपण बाखच्या घरी जाऊन आलो, मोझार्टच्या घोडागाडीत बसलो, बीथोव्हेनचा रागही पाहिला. गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. पत्रात एकच प्रश्न होता. "बाई, हे सगळे 'तो'च कसे? एकसुद्धा 'ती' नव्हती का?"

प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर असं, की होत्या. चांगल्या दर्जाच्या होत्या. त्यांच्या काळात लोकांनी त्यांना टाळ्याही दिल्या. पण पुढे त्यांची नावं पुस्तकांतून गळून गेली. अशाच एका 'ती'ला आज आपण भेटायचं. तिचं नाव लुईझ फारांक. गाव पॅरिस, देश फ्रान्स.

मूर्तिकारांच्या घरातली मुलगी

लुईझचा जन्म ३१ मे १८०४ चा. त्याच वर्षी नेपोलियन फ्रान्सचा सम्राट झाला. लुईझचं माहेरचं आडनाव द्यूमाँ. हे घराणं मूर्तिकारांचं होतं. वडील मूर्तिकार, आणि भाऊ ओग्यूस्त हाही पुढे नावाजलेला मूर्तिकार झाला. पॅरिसमध्ये सोर्बोन नावाच्या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत तेव्हा कलावंतांना राहायला जागा दिलेल्या होत्या. लुईझ तिथंच वाढली. म्हणजे आजूबाजूला कुणी चित्र काढतंय, कुणी दगड फोडतंय, कुणी पियानो वाजवतंय. अशा चाळीत राहायला कुणाला आवडणार नाही?

लुईझची बोटं पियानोवर लहानपणीच धावायला लागली. पण तिला नुसतं वाजवायचं नव्हतं, स्वतःचं काही रचायचंही होतं. पंधराव्या वर्षी ती आंतोन रायखा या गुरूंकडे शिकू लागली. रायखा मूळचे प्राग शहराचे, तरुणपणी बीथोव्हेनचे मित्र. पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात ते पुढे शिकवत असत. या विद्यालयाचं नाव कॉन्झर्व्हतुआर. लिस्ट आणि बर्लिओझ हे नामवंत संगीतकारही याच रायखागुरुजींचे विद्यार्थी, बरं का.

पण इथंच एक मेख होती. कॉन्झर्व्हतुआरमध्ये मुलींना पियानो शिकता येई, गाणं शिकता येई. संगीतरचनेच्या वर्गात मात्र फक्त मुलगे. का? तर तशी रीत! म्हणून लुईझ रायखांकडे खासगीत शिकली.

आता त्याच घरातल्या भावाकडे बघा. फ्रान्समध्ये 'रोम पारितोषिक' नावाची मोठी स्पर्धा असे. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चानं रोमला राहून शिकायला मिळे. ओग्यूस्तनं १८२३ मध्ये मूर्तिकलेचं हे पारितोषिक मिळवलं. तीच स्पर्धा संगीतरचनेसाठीही होती, पण बायकांना तिचं दार १९०३ पर्यंत बंद होतं. संगीतातलं पहिलं पारितोषिक एका स्त्रीनं मिळवलं ते थेट १९१३ मध्ये. तिचं नाव लिली बुलांजे. लुईझला जाऊन तेव्हा ३८ वर्षं झाली होती. एकाच घरातली भाऊ-बहीण, एकाच ताटात जेवणारी. पण एकाला दार उघडं आणि दुसरीला कडी.

लग्न झालं, पण वही मिटली नाही

१८२१ मध्ये, सतराव्या वर्षी लुईझचं लग्न झालं. नवरा आरिस्तीद फारांक. तो बासरी वाजवायचा. थोडे दिवस तिचं शिक्षण थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. दोघं मिळून कार्यक्रम करत. पण गावोगाव हिंडायचा आरिस्तीदला कंटाळा आला. त्यानं पॅरिसमध्ये स्वरलिपीची पुस्तकं छापण्याचा धंदा काढला. त्यानं बायकोच्या रचनाही छापल्या. त्या काळात कितीतरी घरांत बायकांच्या वह्या ट्रंकेत पडून राहायच्या. इथं नवराच छापखान्याच्या बाजूनं उभा होता. हे लुईझचं भाग्य म्हणायला हवं.

१८३६ मध्ये तिच्या पियानोच्या एका रचनेचं परीक्षण जर्मनीत लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात छापून आलं. परीक्षण लिहिणारा साधासुधा माणूस नव्हता. तो होता रॉबर्ट शुमान, स्वतः थोर संगीतकार! त्यानं तिचं मनापासून कौतुक केलं होतं.

खोलीतलं संगीत

यानंतर लुईझनं जे लिहिलं त्यात तिचा जीव सगळ्यात जास्त रमला तो 'चेंबर म्युझिक'मध्ये. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या नाट्यगृहात नाही, तर घरच्या दिवाणखान्यात थोड्या लोकांसमोर वाजवायचं संगीत. आपल्याकडे गाण्याची घरगुती बैठक असते ना, तसा काहीसा थाट. फरक असा, की आपल्या बैठकीत गायक तिथल्या तिथं राग फुलवतो. चेंबर म्युझिकमध्ये मात्र प्रत्येकासमोर कागद असतो आणि कुणी कधी काय वाजवायचं ते संगीतकारानं आधीच लिहून ठेवलेलं असतं.

ऑर्केस्ट्रा आणि चेंबर म्युझिक यांत फरक काय? शाळेच्या स्नेहसंमेलनात साठ मुलांचं समूहगीत असतं. त्यात एखादा ओळ विसरला, नुसते ओठ हलवले, तरी खपून जातं. पण पाच जणांचं नाटुकलं असलं तर? प्रत्येकाचा संवाद वेगळा. एक जण गप्प बसला की नाटक अडलं! ऑर्केस्ट्रात दहा-बारा व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात. चेंबर म्युझिकमध्ये एका ओळीला एकच माणूस. हातात काठी घेऊन खुणा करणारा कुणी नाही. सगळे एकमेकांच्या श्वासाकडे, भुवयांकडे बघून सुरुवात करतात.

१८३९ आणि १८४० मध्ये लुईझनं पाच वाद्यांच्या दोन रचना लिहिल्या. पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं, ढगासारखं घुमणारं वाद्य. पियानोबरोबरच्या पंचकात ते फार कमी संगीतकारांनी घेतलं आहे. शूबर्टनं आपल्या 'ट्राउट' नावाच्या प्रसिद्ध रचनेत घेतलं, आणि लुईझनं या दोन रचनांत. डबल बास तळ सांभाळतो, म्हणून चेलोला वर येऊन गाता येतं. घरात आजी स्वयंपाकाचं बघते म्हणून आईला बाहेर पडता येतं, तसं.

यानंतर तिनं व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलं, चेलो आणि पियानोसाठी लिहिलं. तीन वाद्यांच्या चार रचना केल्या. त्यांतल्या एकीत क्लॅरिनेट आहे आणि एकीत बासरी. क्लॅरिनेट तुम्ही ऐकलेलं आहे. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते काळं, लांब वाद्य वाजवतात ना, तेच. वरातीत ते ओरडतं. लुईझच्या रचनेत ते शेजारी बसून कानात गोष्ट सांगतं.

पॅरिसच्या बाई

१८४२ मध्ये मोठी गोष्ट घडली. ज्या कॉन्झर्व्हतुआरमध्ये रचनेच्या वर्गात तिला जागा नव्हती, तिथंच लुईझ पियानोची प्राध्यापक म्हणून नेमली गेली. एकोणिसाव्या शतकात तिथं वाद्य शिकवणारी कायम पदावरची स्त्री प्राध्यापक ही एकटीच. तिच्या वर्गात फक्त मुली असत. तिनं सरावासाठी तयार केलेले पियानोचे ३० पाठ विद्यालयानं १८४५ मध्ये पियानोच्या सगळ्या वर्गांना लावले. म्हणजे मुलग्यांच्या वर्गातले गुरुजीसुद्धा लुईझबाईंचं पुस्तक उघडून शिकवत होते!

पण पगार? पगार मात्र त्याच कामाच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी.

आमच्या चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मी मुलांना विचारलं, "समजा, दोघांनी मिळून अख्खा वर्ग झाडला. दोघांनी सारखाच कचरा काढला. एकाला मी दोन लाडू दिले आणि दुसरीला एकच. तर?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, ही चीटिंग आहे!" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "पण बाई, ती एक लाडू घेऊन गप्प बसली तर तुम्हांला कळणार कसं?"

लुईझबाई गप्प बसल्या नाहीत. पण आधी त्यांनी काय केलं ते बघू.

नऊ जणांचा डाव

१८४९ मध्ये लुईझनं नऊ वाद्यांसाठी एक रचना लिहिली. नऊ वाद्यांच्या रचनेला 'नोनेट' म्हणतात. मोजा बरं : बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न ही फुंकायची पाच. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास ही तारांची चार. झाली की नाही नऊ? ओबो म्हणजे आपल्या सनईचा लांबचा नातेवाईक, दोन पातींच्या जिभलीतून बोलणारा. बसून त्याचा जाड आवाजाचा काका. रायखागुरुजी फुंकवाद्यांच्या पंचकांसाठी प्रसिद्ध होते. त्यांची ही शिकवण शिष्येनं चांगलीच मुरवली होती.

नऊ जणांना एकत्र बोलू देणं सोपं नसतं. वर्गात नऊ मुलं एकदम बोलायला लागली की काय होतं, ते मला विचारा! लुईझची करामत अशी, की इथं कुणी कुणावर ओरडत नाही. दुसऱ्या भागात एक साधी, चालत्या पावलांची धून येते. मग तीच धून पुन्हा पुन्हा नवे कपडे घालून येते. कधी एका वाद्याच्या अंगाखांद्यावर, कधी दुसऱ्याच्या. ऐकणाऱ्याला ओळखायचा खेळ मिळतो, की अरे, ही तर मघाचीच!

मार्च १८५० मध्ये पॅरिसमध्ये हा नोनेट वाजवला गेला. व्हायोलिन कुणी वाजवलं असेल? योसेफ योआखिम यानं. तो तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचा होता, आणि पुढे युरोपातला अव्वल व्हायोलिनवादक झाला. कार्यक्रम कमालीचा रंगला.

आणि त्याच वर्षी लुईझनं विद्यालयाचे संचालक ओबेर यांना पत्र लिहिलं. पत्राचा सूर रडका नव्हता आणि भांडखोरही नव्हता. त्यातला मुद्दा असा होता : माझं मानधन या पुरुष प्राध्यापकांइतकंच ठरवावं. माझ्या पैशांचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. पण मला कमी मिळालं, तर लोकांना वाटेल की मीच कामात कमी पडले.

किती अचूक बोलली पाहा! कमी पगार म्हणजे नुसते कमी पैसे नाहीत. तो प्रगतिपुस्तकातला खोटा शेरा आहे, काम चोख करूनही मिळालेला. ओबेरसाहेबांना मुद्दा पटला. नेमणुकीनंतर आठ वर्षांनी लुईझला बरोबरीचा पगार मिळाला. ही गोष्ट १८५० ची आहे, हे लक्षात ठेवा. आमच्या वर्गातल्या त्या मुलीला तिचं उत्तरही मिळालं : मागायचं, आणि आपलं काम पुढ्यात ठेवून मागायचं.

व्हिक्तोरीन

लुईझला एकच मुलगी. तिचं नाव व्हिक्तोरीन, जन्म १८२६ चा. तिला पियानो आईनंच शिकवला. कॉन्झर्व्हतुआरमध्ये तिनं पहिलं बक्षीस मिळवलं. आईच्या रचना ती लोकांसमोर वाजवायची. आई कागदावर लिहिणार आणि लेक तो कागद जिवंत करणार, अशी ती जोडी होती.

पण व्हिक्तोरीन आजारी पडली. आजारपण वर्षानुवर्षं चाललं आणि १८५९ च्या जानेवारीत ती गेली. वय पुरतं ३३ ही नव्हतं. त्यानंतर लुईझचं नवं रचणं जवळजवळ थांबलंच. आधी लिहिलेल्या चेंबर म्युझिकसाठी फ्रान्सच्या ललितकला अकादमीनं तिला १८६१ आणि १८६९ मध्ये शार्तिए पारितोषिक दिलं. मान मिळत होता, पण हातातून नवी धून उतरत नव्हती.

मग ती दिवसभर नुसती खिडकीत बसून राहिली का? नाही. तिनं आणि आरिस्तीदनं एक अवाढव्य काम हाती घेतलं. कळफलकाच्या वाद्यांसाठी जुन्या काळात लिहिलेलं, विस्मृतीत चाललेलं संगीत शोधायचं, तपासायचं आणि छापायचं. या मालेचं नाव 'पियानोवादकांचा खजिना'. पहिले खंड १८६१ मध्ये निघाले. १८६५ मध्ये आरिस्तीदही गेला. मुलगी नाही, नवरा नाही. लुईझ एकटीनं काम करत राहिली आणि एकूण २३ खंड निघाले. एवढंच करून ती थांबली नाही. त्यातलं जुनं संगीत तिनं आपल्या विद्यार्थिनींना शिकवलं आणि लोकांसमोर वाजवून घेतलं. ३० वर्षं शिकवून १८७३ मध्ये ती निवृत्त झाली आणि १५ सप्टेंबर १८७५ ला पॅरिसमध्ये वारली.

मला वाटतं, विसरलेल्यांसाठी जिनं इतकं केलं, तिलाच लोकांनी विसरावं, हे या गोष्टीतलं सगळ्यात टोचणारं आहे.

मग विसरले कसे?

कारणं सरळ आहेत. एक, तेव्हाच्या पॅरिसला वेड होतं ऑपेराचं. रंगीत पडदे, झगमगते पोशाख, उंच आवाजात गाणारे नायक-नायिका. घरच्या दिवाणखान्यातलं शांत संगीत ऐकणारे थोडे. दुसरं, लुईझनं मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी तीन सिंफनी लिहिल्या. त्या वाजवल्या गेल्या, पण तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. जे छापलं नाही ते दुसऱ्या गावचे लोक वाजवणार कसं? तिसरं कारण तिच्याच काळातल्या फेतीस नावाच्या संगीतचरित्रकारानं सांगून ठेवलंय. तो म्हणतो, लोक रचना ऐकण्याआधी नाव ऐकतात. नाव ओळखीचं नसलं, की कानही उघडत नाहीत.

सुदैवानं हस्तलिखितं टिकली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती नीट ठेवलेली होती. १९८० मध्ये बी फ्रीडलंड या अमेरिकन अभ्यासिकेनं लुईझवर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे जर्मनीत तिच्या रचना तपासून छापल्या गेल्या. मग ध्वनिमुद्रणं निघाली, आणि आज जगभरातली वाद्यमंडळं तिचं संगीत वाजवतात.

पॅरिसमध्ये बास्तीय नावाचा चौक आहे. तिथं एक उंच स्तंभ आहे, १८४० मध्ये उभारलेला. त्याच्या टोकावर सोनेरी पंखांचा एक तरुण उभा आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तुटलेली बेडी. तो स्वातंत्र्याचा पुतळा घडवणारा मूर्तिकार म्हणजे लुईझचा भाऊ ओग्यूस्त. भावाचं काम चौकात आहे, मान वर केली की दिसतं. बहिणीचं काम मात्र कुणीतरी वाजवल्याशिवाय दिसत नाही. संगीताचं असंच असतं. ते दर वेळी नव्यानं कुणीतरी जिवंत करावं लागतं. त्यात तुमचाही वाटा आहे हं. ऐकणाराच नसेल तर वाजवणारा तरी कुणासाठी वाजवील?

ऐकून पाहा

घरच्या मोठ्यांना सांगा आणि त्यांच्या मोबाइलवर लुईझ फारांकचा नोनेट शोधा. नाव शोधताना घोटाळा होईल, म्हणून सांगते : फ्रेंच माणसं बोलताना 'फारांक' म्हणतात, पण इंग्रजी अक्षरांत ते 'एफ, ए, आर, आर, ई, एन, सी' असं लिहितात. सगळा नोनेट एकदम ऐकायची सक्ती नाही. दुसरा भाग तेवढा ऐका, पण तीनदा.

पहिल्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका.
दुसऱ्यांदा फक्त सगळ्यात खालचा, जाड आवाज पकडा. तो डबल बास. तो सुटला की पुन्हा शोधा.
तिसऱ्यांदा मुख्य धून किती वेळा नवे कपडे घालून आली ते बोटांवर मोजा.

डोकं चालवा

दोन वाद्यांच्या रचनेला 'ड्युएट' म्हणतात, तीनच्या रचनेला 'ट्रायो', नऊच्या रचनेला 'नोनेट'. मग चार, पाच, सहा, सात आणि आठ वाद्यांच्या रचनांची नावं काय? एक इशारा देते. आठ हातांच्या एका समुद्री प्राण्याचं इंग्रजी नाव आठवा, म्हणजे आठचं उत्तर अर्धं सुटेल. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आणि तुमच्या घरात, वाडीत, गावात अशी कुणी आहे का, जिची ओवी, भजन किंवा पेटी फक्त चार भिंतींनी ऐकली आहे? तिच्याबद्दलही दोन ओळी लिहा. नाव लिहायची लाज वाटली तर 'आमची आजी' एवढं लिहिलंत तरी चालेल.

पुढच्या अंकात आपण डबल बासच्या पोटात शिरून बघू. एवढं मोठं लाकडी पोट रिकामंच का ठेवतात, ते तिथं कळेल.

– तुमच्या बाई